नवऱ्याला डिसॅबिलिटी मिळते, मुलीच्या नावानेही पैसे येतात. मग अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये मुलगी डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून असलेली) म्हणून दाखवता येते का?

हो, येते. तुमच्या मिस्टरांना सोशल सिक्युरिटीची (अमेरिकन सरकारच्या विमा-पेन्शन योजनेची) डिसॅबिलिटी, म्हणजे अपंगत्वाची रक्कम, मिळते म्हणून मुलीवरचा तुमचा हक्क जात नाही. मंडळाच्या कार्यक्रमात ज्या बाईंनी तुम्हाला "सरकार मुलीला पैसे देतंय म्हणजे ती तुमची डिपेंडंट नाही" असं सांगितलं, त्यांनी अर्धी गोष्ट ऐकलेली आहे. ती अर्धी गोष्ट मात्र खरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवराबायकोने एकत्र (जॉइंट) रिटर्न भरावं की वेगवेगळं, आणि रिफंडने डिसॅबिलिटी कमी होईल का, हे तुमचे पुढचे प्रश्नही घेतो.

मी सीपीए (परवाना असलेला अकाउंटंट) नाही. माझ्या बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, तिला काही वर्षांपासून एसएसडीआय (म्हणजे हीच सोशल सिक्युरिटीची डिसॅबिलिटी) मिळतं, मुलीच्या नावानेही दरमहा रक्कम येते आणि आम्हीही न्यू जर्सीतच राहतो. पहिल्या वर्षी स्ट्रिप मॉलमधल्या एका टॅक्सवाल्याकडे गेलो. त्याने मुलीच्या नावाचा एसएसए-१०९९ (वर्षात सोशल सिक्युरिटीकडून किती मिळालं ते सांगणारा कागद) सरळ आमच्याच रिटर्नमध्ये घातला. ते निस्तरताना जे वाचावं लागलं त्यावर हे उत्तर आहे.

तर पहिली गोष्ट तीच. जानेवारीत तुमच्या घरी दोन एसएसए-१०९९ येतील, एक मिस्टरांच्या नावाचा आणि एक मुलीच्या नावाचा. मुलीची रक्कम बँकेत तुमच्या सहीने जमा होत असली, तुम्ही तिच्या 'रिप्रेझेंटेटिव्ह पेयी' (तिच्या वतीने पैसे घेणाऱ्या) असलात, तरी टॅक्सच्या हिशेबात ते उत्पन्न मुलीचं. तुमच्या फॉर्म १०४० वर (मुख्य टॅक्स रिटर्नवर) ते कुठेही येत नाही. तिचं वेगळं रिटर्नही भरावं लागत नाही, कारण दुसरं उत्पन्न नसेल तर तिच्या वर्षाच्या रकमेची निम्मी (तुमच्या आकड्याप्रमाणे महिना १,०५० म्हणजे वर्षाला १२,६००, त्याचे निम्मे ६,३०० डॉलर) ज्याच्यावर टॅक्स सुरू होतो त्या २५,००० च्या मर्यादेच्या आसपासही जात नाही. टॅक्सवाला तो कागद हातात घेऊन आकडा टाकायला लागला तर थांबवा.

आता त्या बाईंच्या अर्ध्या खऱ्या गोष्टीकडे येतो. मूल डिपेंडंट ठरण्यासाठी नातं, वय, वर्षातले सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस तुमच्याबरोबर राहणं वगैरे अटी आहेत. त्या तुमच्या सात वर्षांच्या मुलीच्या बाबतीत उघडच पूर्ण होतात. त्यात आणखी एक अट आहे, जिच्याकडे एरवी कोणी ढुंकूनही बघत नाही: मुलाने स्वतःच्या पालनपोषणाचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः केलेला नसावा. सात वर्षांचं पोर कुठून खर्च करणार, असं वाटतं ना? पण तिच्या नावाने आलेले सोशल सिक्युरिटीचे पैसे तिच्यावरच खर्च केले, तर तो खर्च 'तिने केला' असं आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) धरतं.

आमचा त्या वर्षीचा हिशेब सांगतो. घरभाड्यातला तिचा तिसरा हिस्सा १०,८००, वाणसामान आणि बाहेरचं खाणं ३,६००, शाळेनंतरचं डेकेअर ७,२००, कपडे, डॉक्टर, दात, भरतनाट्यमचा क्लास मिळून ३,४००. एकूण २५,००० डॉलर. निम्मे १२,५००. आमच्याही मुलीला नेमके महिना १,०५० च येत होते. ते सगळे तिच्यावर खर्च झाले असते तर १२,६००. शंभर डॉलरने गाडी घसरली असती, आणि तिच्याबरोबर चाइल्ड टॅक्स क्रेडिटही (मुलामागे टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम) गेलं असतं.

यावर उपाय सोपा आहे. तिच्या नावावर साठवलेले पैसे 'सपोर्ट'मध्ये, म्हणजे पालनपोषणाच्या खर्चात, धरत नाहीत, फक्त खर्च झालेले धरतात. आम्ही महिन्याला ३०० डॉलर तिच्या बचत खात्यात टाकायला लागलो. खर्च झाले वर्षाला ९,०००, म्हणजे निम्म्यापेक्षा बरेच कमी, आणि प्रश्न मिटला. मुलाबरोबर राहणाऱ्या आईवडिलांना सोशल सिक्युरिटीकडे दरवर्षी हिशेब पाठवायची सक्ती आता नाही, तरी एक वही ठेवा. माझी वही म्हणजे साधी एक्सेल शीट आहे, महिन्याला पाच मिनिटं लागतात. तुमचं भाडं किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या एडिसनकडचं आजचं भाडं बघता तुमच्या मुलीचा एकूण खर्च आमच्यापेक्षा जास्तच निघेल, म्हणजे तुम्ही बहुधा आताही सुरक्षित आहात. तरी एकदा बेरीज करून बघा.

तुमचा दुसरा प्रश्न, चुलतभाऊ म्हणतो तसं वेगवेगळं रिटर्न भरावं का. जॉइंट भरलंत तर मुलगी 'कुणी' दाखवायची हा प्रश्नच राहत नाही, ती दोघांची. वेगळं भरलंत तर एकानेच दाखवायची, आणि ती तुम्ही, मिस्टरांनी नाही. त्यांच्याकडे कमाईचं उत्पन्न नाही, एसएसडीआय ही 'कमाई' धरत नाहीत. क्रेडिटचा जो भाग टॅक्स शून्य झाल्यावरही हातात परत मिळतो, तो कमाईवर मोजतात. त्यांच्या रिटर्नवर मुलगी टाकली तर क्रेडिट वाया जाईल.

पण वेगळं भरणं शहाणपणाचं आहे का? बहुतेक जण डोळे मिटून सांगतात की नाही, आणि कारण देतात ते असं: नवराबायको एकत्र राहून वेगळं रिटर्न भरत असतील तर डिसॅबिलिटीवर टॅक्स लागू होण्याची मर्यादा शून्य डॉलर होते. हे खरंच आहे. जॉइंटला हीच मर्यादा ३२,००० पासून सुरू होते आणि ४४,००० च्या वर गेलं की रकमेच्या ८५ टक्क्यांपर्यंत टॅक्सच्या कक्षेत येते. (हे आकडे १९८३ आणि १९९३ सालचे आहेत. तेव्हापासून महागाईप्रमाणे एक डॉलरही वाढलेले नाहीत, म्हणून आज साधा पगार असलेलं घरही त्यात सापडतं.) मीही हेच सगळ्यांना सांगत फिरत होतो. तुमच्या आकड्यांवर बसलो तेव्हा मात्र वेगळंच निघालं.

२०२५ सालचे दर धरू. तुमचा पगार ५८,०००, मिस्टरांचे महिना २,१०० म्हणजे वर्षाला २५,२००. जॉइंटमध्ये पगार अधिक निम्मी डिसॅबिलिटी म्हणजे ७०,६००, ४४,००० च्या पुष्कळ वर. त्यामुळे २५,२०० चे ८५ टक्के, २१,४२० टॅक्सच्या कक्षेत. एकूण ७९,४२०, त्यातून ३१,५०० ची स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) वजा जाता ४७,९२०. टॅक्स साधारण ५,२७०. मुलीचं २,२०० चं क्रेडिट गेल्यावर ३,०७०.

वेगळं भरलं तर तुमच्या ५८,००० मधून १५,७५० वजा, टॅक्स साधारण ४,८३०, क्रेडिट गेल्यावर २,६३०. मिस्टरांची मर्यादा शून्य आहे खरी, पण त्यांच्या वर्कशीटवर ८५ टक्के लागतात ते निम्म्या रकमेवर, कारण त्यांना दुसरं उत्पन्नच नाही. १२,६०० चे ८५ टक्के १०,७१०. ते त्यांच्या १५,७५० च्या डिडक्शनखाली झाकले जातात. टॅक्स शून्य. म्हणजे वेगळं भरून ४४० डॉलर वाचतात. चुलतभावाला माझा नमस्कार सांगा.

पण लगेच तिकडे वळू नका. तुमचा पगार एक लाख असता तर हाच हिशेब उलटा होऊन जॉइंट तीन हजारांहून जास्त स्वस्त पडलं असतं. पगार तीस हजार असता तर वेगळं भरल्यावर अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांना मिळणारं क्रेडिट) हातचं गेलं असतं. तुम्ही नेमक्या मधल्या पट्ट्यात आहात. आणि तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, जे तुम्ही सहज लिहून गेलात: "मी ऑफिसात असताना मुलगी आफ्टर-केअरला असते, महिना ६०० डॉलर." सगळं या वाक्यावर फिरतं.

डेकेअरच्या खर्चावर क्रेडिट मिळतं ते दोघंही कमावत असतील तरच. मिस्टर कमवत नाहीत, म्हणून टॅक्सवाले हा फॉर्म (२४४१) उघडतच नाहीत. पण ज्या जोडीदाराला स्वतःची काळजी स्वतः घेता येत नाही त्याच्यासाठी नियम वेगळा आहे. त्याने महिन्याला २५० डॉलर कमावले असं मानतात, आणि घरात काळजी घ्यावी लागणाऱ्या दोन व्यक्ती असतील तर ५००. तेरा वर्षांखालची मुलगी एक आणि मिस्टर स्वतः दुसरे. वर्षाचे झाले ६,०००, खर्चाची मर्यादाही दोन व्यक्तींसाठी ६,०००, आणि तुमचा डेकेअरचा खर्च ७,२००. २०२५ सालासाठी तुमच्या उत्पन्नाला २० टक्के, म्हणजे १,२०० डॉलर. हे क्रेडिट एकत्र राहणाऱ्यांना फक्त जॉइंट रिटर्नवर मिळतं. मग तुमचा जॉइंट टॅक्स ३,०७० वरून १,८७० वर येतो आणि चुलतभावाचे २,६३० मागे पडतात.

इथे एक सांभाळा. डिसॅबिलिटी मिळते म्हणजे आपोआप ही अट पूर्ण झाली असं नाही. सोशल सिक्युरिटी बघतं की माणूस पुरेसं काम करू शकतो का. इथे बघतात की तो स्वतः अंघोळ, कपडे, जेवण करू शकतो का, किंवा त्याच्या सुरक्षिततेसाठी सतत कोणी लक्ष द्यावं लागतं का. माझ्या बायकोला सकाळी उठवून तयार करावं लागतं, त्यामुळे आमच्याबाबतीत शंका नव्हती. न्यूरोलॉजिस्टचं पत्र घेऊन फायलीत ठेवलं आहे. तुमचे मिस्टर पाठीच्या दुखण्यामुळे नोकरी करू शकत नाहीत पण घरात स्वतःचं सगळं करतात, असं असेल तर हे क्रेडिट घेऊ नका. मग ते ४४० डॉलर वेगळं भरून वाचवायचे का, ते ठरवा. आधी हेही बघून घ्या की स्टुडंट लोनचं व्याज किंवा मार्केटप्लेसच्या (सरकारी आरोग्यविमा बाजारातल्या) विम्याची सबसिडी हातची जात नाही ना. वेगळं भरून नंतर तीन वर्षांत जॉइंट करता येतं. एकदा जॉइंट भरून १५ एप्रिल उलटला की वेगळं करता येत नाही.

रिफंड मिळाला तर डिसॅबिलिटी कमी होईल का, ही तुमची भीती सोडून द्या. एसएसडीआय घरच्या उत्पन्नावर ठरत नाही, तुमच्या पगाराने किंवा रिफंडने ते हलत नाही. ज्यांना एसएसआय मिळतं (नाव सारखं, पण गरजूंसाठीची वेगळी योजना) त्यांना उत्पन्न आणि शिल्लक दोन्ही सांभाळावं लागतं, पण तिथेही फेडरल रिफंड बारा महिने मोजत नाहीत. आणि एसएसआयवर टॅक्स मुळीच नाही. न्यू जर्सी राज्याचा टॅक्स एसएसडीआयवरही नाही.

व्हॉट्सॲपवर "सोशल सिक्युरिटी टॅक्समुक्त झाली" असं फिरतंय तेही कानाआड करा. २०२५ च्या कायद्याने आलेली ती ६,००० ची डिडक्शन ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्यांसाठी आहे. मिस्टर ४३ चे आहेत, त्यांचा संबंध नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एकच: २,२०० चं क्रेडिट मुलाला काम करता येईल असा सोशल सिक्युरिटी नंबर असेल तरच. मूल भारतात जन्मलेलं, एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल आणि आयटीआयएन (फक्त टॅक्सपुरता नंबर) घेतलेला असेल तर ५०० चं दुसरं क्रेडिट मिळतं. असं मूल आजीआजोबांकडे पुण्याला ठेवलेलं, वर्षातले बहुतेक महिने तिकडेच, तर तेही नाही.

शेवटी मागच्या थकबाकीबद्दल. मंजुरीला वेळ लागतो आणि मग एकदम दीड-दोन वर्षांची रक्कम एका वर्षात हातात येते. त्या वर्षीचा एसएसए-१०९९ भयंकर दिसतो, वकिलाची फी कापून हातात कमी आलेलं असलं तरी फॉर्मवर पूर्ण आकडा असतो. आमच्या त्या टॅक्सवाल्याने सगळी रक्कम एकाच वर्षात धरली. फॉर्मवरच कोणत्या वर्षाचे किती ते छापलेलं असतं. त्यावरून मागच्या वर्षांच्या उत्पन्नाप्रमाणे हिशेब करायची मुभा आहे, १०४० च्या ६ सी ओळीवर खूण करायची. मागची रिटर्न्स उघडावी लागत नाहीत. बायकोच्या आजारपणात ती वर्षं आमचं उत्पन्न कमी होतं, त्यामुळे बराच फरक पडला आणि १०४०-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरून पैसे परत मिळाले. आयआरएसच्या व्हिटा योजनेखाली लायब्ररीत फुकट रिटर्न भरून देतात, तिथल्या एका निवृत्त बाईंनी मला ही ओळ दाखवली.

मिस्टरांची मंजुरी कोणत्या वर्षी आली आणि थकबाकी या १०९९ मध्ये आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर वर्षवार आकडे खाली टाका. वरचं ३,०७० आणि २,६३० तेव्हा पुन्हा मांडावं लागेल.