मीटिंगमध्ये टीम गप्प बसते, क्रिएटिव्हिटी आणि कोलॅबोरेशन कसं वाढवायचं?

तुम्ही लिहिलंय की टीम 8 जणांची आहे, दर सोमवारी ब्रेनस्टॉर्मिंग ठेवता आणि दोघंच बोलतात, बाकीचे मान हलवतात. आमच्याकडेही हेच होतं, फक्त आमच्याकडे एकच जण बोलायचा, आमचे साहेब.

मी तेव्हा नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एका मसाल्याच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होतो. मे महिना, बाहेर 45 डिग्री, आणि मिरची पावडरच्या 100 ग्रॅमच्या पुड्या जास्तच लीक व्हायला लागल्या. सगळ्या नाही, दुपारच्या शिफ्टच्याच. साहेब नुकतेच पुण्याहून कसलं तरी ट्रेनिंग करून आलेले, त्यांनी लगेच एसी केबिनमध्ये मीटिंग लावली, रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे, स्केचपेन, समोसे. मेंटेनन्स, क्वालिटी, परचेस, मी, सगळे हजर. पॅकिंगवाल्या बायांना बोलवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, माझ्याही. कोणी म्हणे सीलिंग जॉचं (पुडीचं तोंड दाबून चिकटवणारा मशीनचा गरम जबडा) टेंपरेचर वाढवा, कोणी म्हणे फिल्मचा रोलच खराब आलाय, आणि प्रत्येक चिठ्ठी भिंतीवर लागायच्या आधी साहेब विचारत, "खर्च किती?" तीन मीटिंगा झाल्या, नवीन जॉ आला, त्यावरची टेफ्लॉनची पट्टी बदलली, लीक तसंच.

आता ऐका. पॅकिंगच्या एका मावशींनी मला एप्रिलमध्येच सांगितलं होतं, "साहेब, कुलर इकडे फिरवला का पुड्या लीक होतेत." आणि मी काय म्हणालो? "मावशी, तुम्ही पॅकिंगकडे लक्ष द्या, मशीनचं आम्ही बघतो."

दुपारी गरम झालं की कोणीतरी डेझर्ट कुलरचं तोंड मशीनकडे करायचं, त्या हवेनं बारीक पावडर उडून फिल्मच्या आतल्या बाजूला सीलच्या जागी बसायची आणि जॉ दाबला की सील कच्चं राहायचं. मधे भुकटी असली की प्लास्टिक प्लास्टिकला धरत नाही, बस. एक दिवस मी तिथेच उभा असताना मावशींनी मला काही न विचारता कुलर भिंतीकडे वळवला आणि पुडी हातात दाबून दाखवली. फुस्स झालीच नाही. बोलल्या काहीच नाहीत.

महिनाअखेर हेड ऑफिसला प्रेझेंटेशन गेलं, "एअरफ्लो ऑप्टिमायझेशन", टीमवर्कचं सर्टिफिकेट आलं, साहेबांच्या केबिनमध्ये फोटो लागला. मावशींना स्टीलचा डबा. फोटोत त्या नाहीत. मी आहे.

साहेबांचं पेटंट वाक्य होतं, "आपल्या लोकांकडे आयडियाच नसतात." यावर माझं त्यांच्याशी दोनदा वाजलं, दुसऱ्यांदा तर पार गेटपर्यंत. नंतर खुन्नस म्हणून मी वाचायला लागलो तेव्हा कळलं की ज्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्ननं ब्रेनस्टॉर्मिंग काढलं (जाहिरातवाला माणूस, 1953 च्या पुस्तकात सगळे नियम दिलेत) त्याचा मुख्य नियमच हा की आयडिया येत असताना कोणी खोट काढायची नाही. म्हणजे "खर्च किती" म्हटलं की खेळ तिथेच संपला. आणि 1958 मध्ये येल विद्यापीठात प्रयोग झाला, त्यात तेवढीच माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या आयडिया एकत्र केल्या तर गटात बसलेल्यांपेक्षा जास्त निघाल्या. साधं आहे, एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता आपलं विसरतात. साहेब, हे तुम्ही वाचत असाल तर बघा, आयडिया होत्या.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर बोलायला लावूच नका, लिहायला लावा. 6-3-5 म्हणून एक जर्मन पद्धत आहे, 6 जण, प्रत्येकानं कागदावर 3 आयडिया लिहायच्या, 5 मिनिटांनी कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, अर्ध्या तासात 108 होतात. त्यातल्या शंभर भंगार असतात, असू द्या. तुम्ही 8 आहात तर चार-चारचे दोन गट करा. नावं लिहू नका, पण नंतर जी आयडिया चालली ती कोणाची हे विचारून त्याचं नाव मेलमध्ये टाका, स्वतःचं नको. आणि तुम्ही बॉस असाल तर शेवटी बोला, जमलं तर बोलूच नका. पिकनिक, अंताक्षरी, तर्री पोहे पार्टी वगैरे करा हवं तर, पोहे चांगले लागतात, त्यानं आयडिया येत नाहीत.

हां, माझा अनुभव कारखान्याचा आहे, तुमचं नागपूरच्या मिहानमधलं आयटी ऑफिस असेल तर थोडं वेगळं असू शकतं. आम्हीही नंतर आयडिया लिहून घ्यायला लागलो, तेव्हा आमच्या बायांपैकी दोघींना लिहायला जमत नव्हतं, त्यांच्यासाठी मी चहाच्या वेळी लाईनवर जाऊन उभा राहायचो, विचारायला. पहिले दोन आठवडे कोणीच काही बोललं नाही. तिसऱ्या आठवड्यात मावशीच म्हणाल्या, "आता इचारून रायले, एप्रिलमध्ये सांगतलं होतं तं?"