मापात पाप

प्रश्न : नमस्कार बाई. घरच्या सत्यनारायणाला मी सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप, अडीच वाट्या दूध आणि एक केळं घालून प्रसाद करते. वीसेक माणसांना पुरतो आणि मऊसूत होतो. यंदा सोसायटीच्या पूजेला तोच हिशेब किलोत धरला. रवा, साखर, तूप सव्वा-सव्वा किलो आणि दूध अडीच लिटर. शिरा कोरडा झाला, रवा दाताखाली कचकचत होता. प्रमाण तर तेच होतं, मग चुकलं कुठे? पुढच्या वर्षी दोनशे माणसं आहेत. (चिपळूणच्या एक वाचक)

उत्तर : प्रमाण तेच नव्हतं, माप बदललं होतं. एकतीस वर्षं शाळेत त्रैराशिक शिकवलं, तरी हे मला स्वयंपाकघरातच नीट कळलं. तुमचं पत्र आलं तशी मी ओट्यावर वजनकाटा मांडला. माझी वाटी 200 मिलिलिटरची. ती सपाट भरली की रवा 140 ग्रॅम बसतो, साखर 170 आणि पातळ केलेलं तूप 180. म्हणजे वाट्या सारख्या भरल्या तरी वजनं सारखी नसतात, आणि त्यात रवा सगळ्यांत हलका.

आता उलटं बघा. सव्वा किलो रवा म्हणजे जवळजवळ नऊ वाट्या. तुमच्या घरच्या हिशेबाने त्याला नऊ वाट्या साखर हवी, म्हणजे दीड किलोच्या थोडी वर. तूप 1 किलो 600 ग्रॅम. दूध अठरा वाट्या, म्हणजे 3 लिटर 600 मिलिलिटर. तुम्ही घातलंत अडीच. लिटरभर दूध कमी पडलं, मग रवा फुलणार कशाने? तूपही साडेतीनशे ग्रॅमने कमी. आचारी चुकला म्हणून कुणी नाक मुरडलं असेल तर हा हिशेब त्यांना दाखवा.

दोनशे माणसं म्हणजे तुमच्या वीसच्या दहापट. वाटीही दहापट मोठी घ्या, की झालं! घरात दोन लिटरचा डबा असेल, तीच तुमची वाटी. सव्वा डबा रवा, सव्वा डबा साखर, सव्वा डबा पातळ तूप आणि अडीच डबे दूध. काटा नको, आकडेमोड नको, आणि भटजींचा सव्वाही शाबूत राहतो. आमची आजी कधी शाळेत गेली नाही, पण सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, तोंडपाठ होती. मापटं दोनदा भरलं की शेर, चार शेरांची पायली, यावर तिने लग्नं उठवली. तिच्याकडे सगळी मापंच होती, म्हणून ती अशी फसली नसावी.

वाण्याकडे मात्र किलोतच मागावं लागेल, तर यादी अशी : रवा पावणेदोन किलो, साखर 2 किलो 125 ग्रॅम, तूप सव्वादोन किलो, दूध 5 लिटर. केळी दहा, चांगली काळे ठिपके पडलेली.

पण सगळंच दहापट करायचं नाही. वेलदोड्याची पूड मी सात-आठपटच घालते, मग चव बघून वाढवते. वेळही दहापट लागत नाही, पण पावणेदोन किलो रवा एका पातेल्यात भाजायला गेलात तर खालचा करपेल आणि वरचा कच्चा राहील. दोन घाण्यांत भाजा. दूध उकळतं असू द्या. मोठ्या पातेल्यात वाफ त्या मानाने कमी जाते, म्हणून त्या पाच लिटरांतलं अर्धा लिटर दूध मागे ठेवा आणि शिरा मागेल तसं घाला.

तूप डब्याने मोजताना आधी पातळ करा. माझ्याच घरी एकदा आमच्या ह्यांनी थिजलेलं तूप चमच्याने वाटीत भरलं, मध्ये पोकळ्या राहिल्या, आणि प्रसादाचा गोळा खलबत्त्यात कुटावा असा झाला. पाहुण्यांनी गुपचूप खाल्ला. प्रसादाला नाही कोण म्हणणार!