२०११ च्या इंग्लंड दौऱ्यात आधी काय संपले?

"तगड्या यजमानांसमोर आपला संघ ढेपाळतो, तो मानसिक कणखरपणा नसल्यामुळेच ना?" असा आपला प्रश्न आहे आणि दाखला म्हणून आपण २०११ च्या इंग्लंड दौऱ्यातील भारतीय क्रिकेट संघाचा कसोटी मालिकेतील ४-० हा पराभव दिला आहे. त्याच मालिकेवरून माझे मत उलट झाले. तो संघ खचला हे खरे, परंतु त्याआधी त्याची गोलंदाजी संपली होती.

लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी झहीर खानच्या मांडीचा स्नायू दुखावला. तोवर श्रीरामपूरच्या या डावखुऱ्या गोलंदाजाने १३.३ षटकांत अवघ्या १८ धावा देऊन दोन बळी घेतले होते. तो बाहेर गेला आणि त्याच डावात धोनीने हातमोजे द्रविडकडे सोपवून स्वतः चेंडू हाती घेतला. क्रमवारीत अव्वल असलेल्या कसोटी संघावर यष्टिरक्षकाकडून षटके टाकून घेण्याची वेळ आली, हे पाहून अनेकांना गंमत वाटली. माझ्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकली.

ट्रेंट ब्रिजच्या दुसऱ्या कसोटीत तर सामना आपल्या हातात होता. इंग्लंडची अवस्था ८ बाद १२४ होती, तरी त्यांनी २२१ पर्यंत मजल मारली. आपण ४ बाद २६७ वरून, ब्रॉडच्या हॅटट्रिकसह, २८८ मध्ये आटोपलो. तरीही ६७ धावांची आघाडी होती. दुसऱ्या डावात मात्र त्यांनी ५४४ धावा कुटल्या, कारण दमलेल्या प्रवीणकुमार आणि ईशांतच्या जागी आणायला त्या ताकदीचा ताजा गोलंदाज कोणी नव्हता, आणि त्यातच हरभजनही जायबंदी झाला.

तयारीविषयी काय बोलावे! २ एप्रिलला विश्वचषक जिंकला, ८ एप्रिलला आयपीएल सुरू झाली, मग वेस्ट इंडिज दौरा, आणि पहिल्या कसोटीपूर्वी टाँटन येथे समरसेट या काउंटी संघाविरुद्ध एकच तीन दिवसांचा सराव सामना. त्यातही समरसेटकडून खेळलेल्या इंग्लंडच्या कर्णधाराने, स्ट्रॉसने, शतक ठोकून आपला सराव उरकून घेतला. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या कसोटीत उतरलेला सेहवाग एजबॅस्टनला दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद झाला, यात मनोबलापेक्षा सरावाचा प्रश्न मोठा होता.

फलंदाजांना मी मोकळे सोडत नाही. आठ डावांत एकदाही आपण ३०० च्या पुढे गेलो नाही. पण ओव्हलवर सलामीला येऊन १४६ धावांवर नाबाद राहिलेला द्रविड, फॉलोऑन (लगेच दुसरा डाव खेळण्याची सक्ती) मिळताच काही मिनिटांत पुन्हा पॅड बांधून सलामीलाच उतरला. कणखरपणा संघात होता, तो एका माणसाच्या वाट्याला फार आला.

याउलट २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला बुमराह, शमी, अश्विन, जडेजा यांपैकी कोणीही नसताना सिराज, शार्दूल ठाकूर, सैनी, नटराजन आणि सुंदर यांनी ऑस्ट्रेलियाला दोन्ही डावांत बाद केले आणि आपण ३२८ धावांचे लक्ष्य गाठले. महिन्याभरापूर्वी ॲडलेडला ३६ धावांत गुंडाळला गेलेला संघ तो हाच.