‘संत तुकाराम’वरचे अभ्यासलेखन शोधताना

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’वर प्रबंधिका लिहायला घेतलीस, पण इंटरनेटवर परीक्षणे आणि आठवणींखेरीज काही हाती लागत नाही, असे तू कळवलेस. ते लेखन टाकाऊ नाही. मात्र चित्रपट पाहावा की नाही हे सांगणारे परीक्षण वेगळे आणि त्याच्या रचनेची पुराव्यानिशी चिकित्सा करणारा लेख वेगळा. हा दुसरा लेख मिळवायचा तर ग्रंथालयाच्या सूचींकडेच वळावे लागते.

शोधाच्या चौकटीत नुसते ‘तुकाराम’ लिहिलेस, तर गाथेवरचे आणि वारकरी संप्रदायावरचे लेख पुढ्यात येऊन पडतील. त्याला दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांच्या नावांची जोड दे. रोमन लिपीत मात्र सावध राहा, कारण तिथे फत्तेलाल कुठे ‘फत्तेलाल’ असतात, कुठे ‘फतेहलाल’, आणि यंत्राला ती दोन निराळी माणसे वाटतात. इंग्रजी ग्रंथसूचीत विषयाचे शीर्षक ‘सिनेमा’ नसून बहुधा ‘मोशन पिक्चर्स’ असते. एवढा एक शब्द ठाऊक नसल्याने विद्यार्थिदशेत माझे कित्येक दिवस वाया गेले, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात लेख पूर्ण वाचायला मिळतो, तर फिआफ या चित्रपट-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची नियतकालिक-सूची मुख्यतः लेख कुठे छापला आहे ते सांगते. तेव्हा सूचीत नोंद दिसली आणि मजकूर दिसला नाही, तर शोध सोडू नकोस, ती नोंद ग्रंथपालांकडे ने.

कलासमीक्षक गीता कपूर यांचा भारतीय चित्रपटातील पौराणिक आशयावरचा १९८७ सालचा निबंध तुझ्या विषयाच्या गाभ्याशी भिडतो. तो ‘जर्नल ऑफ आर्ट्स अँड आयडियाज’मध्ये आला होता. माझे ऐकशील तर आधी त्याच्या तळटीपा वाच, कारण त्या तुला मागच्या लेखनाकडे नेतील. आणि गूगल स्कॉलर या अभ्यासलेखांच्या शोधयंत्रावर त्याच निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला ते पाहिलेस, की त्यानंतरचा वादही उलगडत जाईल. माझ्या मते एक चांगला लेख असा दोन्ही दिशांनी धुंडाळणे हे पन्नास शब्द टाकून पाहण्यापेक्षा कितीतरी फलदायी आहे.

चित्रपटाच्या काळचे छापील साहित्य पाहण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जावेच लागेल. जाण्यापूर्वी कोणते शब्द कुठे टाकले आणि काय मिळाले, हे तारखेसह वहीत उतरव, आणि त्या वहीची पहिली पाने मला पाठव.

तुझा शुभचिंतक