गोडाची ओढ: सुरुवातीला एवढंच सांभाळा

गोड एकदम बंद करू नका. नवीन माणसं हमखास इथेच अडकतात: चार दिवस कडक पथ्य, पाचव्या दिवशी अख्खा डबा रिकामा, आणि मग "माझ्याच्याने होणार नाही". होतं, खरंच होतं.

आधी पेयांकडे बघा. ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते; जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवलेली उत्तम. शिवाय प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही. फळांचा रसही यातच धरा. अख्खं फळ मात्र खुशाल खा.

मग एवढं:
- जेवण टाळू नका. दिवसभर उपाशी राहिलात की संध्याकाळी गोड हवंच होतं. प्रत्येक जेवणात प्रथिनं घ्या.
- गोड खायचं तर जेवणानंतर, छोट्या वाटीत वाढून.
- झोप पुरी करा.

ओढ आली की पंधरा मिनिटं थांबा, जरा चालून या; बऱ्याचदा ती ओसरते. नाहीच ओसरली तर थोडं खा आणि पुढचं जेवण नेहमीसारखं घ्या, शिक्षा म्हणून उपास नको. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच बदल करा. साखरेच्या पर्यायांचा विचार महिनाभराने करू.