32व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ठणठणीत दिसतंय, तरी इतक्या तपासण्या कशाला?

तुमचं म्हणणं असं की बाळ दूध पितंय, वजन घेतंय, मग डोळे, मेंदू, रक्त पुन्हा पुन्हा का तपासतात. मी नवजात अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या, बाळाचे काही आजार वरून दिसेपर्यंत उपचाराची वेळ टळलेली असते, म्हणून.

डोळ्यांचंच बघा. अशा बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या जन्मानंतरही वाढत असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून कायमचं अंधत्व येऊ शकतं, आणि बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो! म्हणून साधारण चौथ्या आठवड्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून आत बघतात. पहिल्यांदा ‘ठीक आहे’ म्हटलं तरी रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेला पोचेपर्यंत बोलावत राहतात. घरी गेल्यावर नेमकी हीच तारीख चुकते. चुकवू नका, वेळेत कळलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचवता येते.

टाचेतून रक्त पुन्हा घेतलं म्हणजे आधीचं बिघडलं असं नाही. कमी दिवसांच्या बाळात टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक) कधी कधी उशिरा वाढतो, त्यामुळे थायरॉइडचा पहिला नॉर्मल रिपोर्ट पुरेसा धरत नाहीत. दोनेक आठवड्यांनी परत बघतात. मेंदूची सोनोग्राफी टाळूतून होते, त्यात ना सुई ना एक्स-रे.

जंतुसंसर्ग मात्र ठरलेल्या तारखेला येत नाही. ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. ‘काल छान ओढत होतं, आज ओढतच नाही,’ असं आई म्हणाली की मी मॉनिटरवरचे आकडे चांगले असले तरी बाळाला नीट तपासते. शंका वाटली तर रक्त कल्चरला (त्यात जंतू वाढतात का ते बघायला) पाठवून लगेच अँटिबायोटिक सुरू करते, कारण रिपोर्टला 24 ते 48 तास लागतात आणि तेवढ्यात बाळ हातचं जाऊ शकतं. पुष्कळदा कल्चर निगेटिव्ह येतं, बाळही सावरलेलं असतं, मग औषध थांबवतो. ‘उगाच टोचलं’ हे ऐकून घ्यायची माझी तयारी असते.

घरी नेल्यावर दूध सोडलं, हातपाय गार पडले, पोट फुगलं, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय किंवा श्वास मध्येच थांबतोय असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. उलटी हिरवी असेल तर फोनवर विचारत बसू नका, थेट निघा.