पंपाची सवय लागते का?

"मॅडम, दम्याचा पंप एकदा सुरू झाला की कायमचाच ना? सवय लागते म्हणतात." छातीच्या दवाखान्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो. मध्यंतरी तो घेऊन आल्या त्या घरी ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). फाइलवर डॉक्टरांचा शेरा: दमा आटोक्यात.

मी विचारलं, रात्री झोप कशी लागते? "लागते की. दोन उशा घेऊन बसल्या बसल्या. पहाटे खोकला उठवतो, पण ते नेहमीचंच." आणि जिना? "मध्ये एकदा थांबते." डॉक्टर 'कसं आहे?' विचारत, त्या 'बरंय' म्हणत. ॲडमिट व्हावं लागलं नाही म्हणजे बरं, हा त्यांचा हिशेब. वैद्यकीय हिशेबात दम्यानं रात्री एकदा जरी जाग आली, तरी तो पूर्ण आटोक्यात धरत नाहीत. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

पिशवीतून दोन पंप निघाले. निळा जवळजवळ रिकामा, तपकिरी कोराच. "निळ्यानं लगेच मोकळं वाटतं, त्या दुसऱ्यानं काहीच होत नाही." बरोबरच आहे. तपकिरीतलं स्टेरॉइड श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरवतं, त्याला दिवस-आठवडे लागतात. निळा तेवढ्यापुरत्या नळ्या मोकळ्या करतो, सूज तशीच राहते. तपकिरी रोज घ्यायचा आणि घेतल्यावर चूळ भरायची, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. दोष मी आमच्याकडेच घेते.

सवयीच्या भीतीनं त्या बऱ्याचदा पंपाऐवजी गोळी घेत. तिच्या पाकिटावर साल्ब्युटामॉल ४ मिलिग्रॅम. निळ्यातही तेच औषध, पण एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीत चाळीसपट! हा आकडा ऐकून त्या गप्प झाल्या. सवय पंपाची लागत नाही, आजारच चिवट आहे. आणि तीन-एक महिने तो नीट आटोक्यात राहिला तर डॉक्टर मात्रा कमी करून बघतात. आपल्या मनानं मात्र बंद करायचा नाही.

खरी अडचण शेवटी निघाली. घरी पंप शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांखाली लपवलेला. सासूबाईंना कळलं तर?

सहा आठवड्यांनी आल्या तेव्हा एका उशीवर आडव्या झोपत होत्या. सासूबाईंना सांगितलंत का, विचारलं. हसल्या. "मोठ्या जाऊबाईंच्या पर्समध्ये पण तोच निघाला."